होडीतला बंब आणि वहिनींचा नियम



पाण्यावर मी याआधीही लिहिले आहे. गाळण्याबद्दल, जिवाणीबद्दल, दशलक्षणातल्या उकळलेल्या पाण्याबद्दल. आजही विषय पाणीच आहे, पण घरातल्या मोरीतले नव्हे. मनोरीच्या खाडीत नांगरलेल्या एका शिडाच्या होडीतले. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, यंदा आपल्या होडीत पाणी तापवायचा बंब बसवला. हसू नका. त्या बंबाने आमच्या घरात जेवढी चर्चा घडवली तेवढी एखाद्या लग्नानेही घडवली नसती, आणि त्यातून गरम पाण्याबद्दल मला जे उमगले ते तुमच्या-माझ्या फ्लॅटमधल्या गिझरलाही लागू आहे.

आधी प्रश्न काय होता ते सांगते. दादा चौतीस वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात होता. वर्षातले सात-आठ महिने तो समुद्रावर आणि वहिनी घरी. मुलांच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांची आजारपणे, घराचे हप्ते, सगळे वहिनींनी एकटीने पार पाडले. निवृत्तीनंतर दादाने एक जुनी, अठ्ठावीस फुटी फायबरची शिडाची होडी घेतली आणि मनोरीला ठेवली. त्याच्या मनात एकच होते. कार्तिक सरला की वहिनींना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने, रमतगमत, गोव्यापर्यंत जायचे.

वहिनींचा मात्र सात वर्षांपासून नियम आहे. प्यायला उकळलेलेच पाणी. सूर्यास्तानंतर चारही प्रकारच्या आहाराचा त्याग, म्हणजे पाणीसुद्धा नाही. आणि सकाळी स्नान करून, शुद्ध वस्त्रात जाप झाल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही. त्यात संधिवात. गार पाण्याने आंघोळ केली की बोटे दिवसभर वळत नाहीत. त्यांनी शांतपणे सांगून टाकले, "अहो, तुम्ही जाऊन या. माझा नियम होडीत मावायचा नाही."

दादा काही बोलला नाही. पण मी ओळखले. चौतीस वर्षे तो गेला आणि त्या मागे राहिल्या. आता जाणे-राहणे हातात असूनही पुन्हा तेच होणार होते.

समुद्र आपल्याला परका नाही

आमच्या नात्यातल्या काही जणी म्हणाल्या, "जैनाच्या बाईने समुद्रावर जायचेच कशाला?" मला हे पटत नाही. मैनासुंदरी आणि श्रीपाळाची कथा आपण अष्टाह्निकात ऐकतो. तो श्रीपाळ जहाजातून व्यापाराला गेला होता आणि धवल शेठने त्याला समुद्रात लोटले, तरी तो तरून आला. आणि अगदी अलीकडचे बघायचे तर वालचंद हिराचंद. सोलापूरच्या जैन घरात १८८२ साली जन्मलेला हा माणूस. नरोत्तम मोरारजींबरोबर सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी त्यांनी उभी केली आणि तिचे 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. परदेशी कंपन्यांच्या मक्तेदारीला दिलेले ते आव्हान होते. म्हणूनच ५ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

शास्त्राला समुद्र ठाऊकच आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दिग्व्रत सांगितले आहे, म्हणजे दहा दिशांना आपल्या जाण्या-येण्याची सीमा बांधून घ्यायची. ती सीमा कशाकशाने बांधावी याची यादी देताना समुद्र, नदी, अरण्य, पर्वत असा क्रम येतो. समुद्र पहिला! समुद्र ओलांडू नये असा त्याचा अर्थ कुणी सरसकट लावू नये. सीमा तुम्ही ठरवायची आणि ठरवली की पाळायची. वहिनींनी पुढे तेच केले. दक्षिणेला गोव्याच्या पलीकडे नाही, पश्चिमेला किनारा दिसेनासा होईल इतके आत नाही, आणि सूर्यास्ताआधी होडी नांगरलेली असली पाहिजे. दादा म्हणाला, "अशी शिस्त मला एकाही कॅप्टनने लावली नव्हती."

पण हे सगळे पुढचे. आधी पाणी तापवायचे कसे, ते ठरायचे होते.

गॅस, वीज, की इंजिन?

मालाडहून मार्वे, मार्व्याच्या जेटीवरून फेरीबोट, आणि काही मिनिटांत पलीकडे मनोरी. ज्यांनी पाहिले नसेल त्यांना खरे वाटणार नाही की ही मुंबईच आहे. कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन लोकांची जुनी घरे, क्रूस, विहिरी, नारळ, आणि खाडीत ओळीने उभ्या मासेमारीच्या बोटी. सुक्या मासळीचा वास आपल्याला जड जातो, हे मी लपवणार नाही. पण तिथल्या माणसांनी आम्हाला कधी परके मानले नाही, आणि दादाची होडी पावसाळ्यात ओढून वर घेताना हात लावायला पहिले तेच आले.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बोटी किनाऱ्यावर चढवून ठेवतात, तळ खरवडतात, रंग लावतात. आपल्या साधूंचा चातुर्मास सुरू व्हायच्या सुमारास या बोटीही एका जागी बसतात, याची मला गंमत वाटते. दादाची होडीही लाकडी टेकूंवर उभी होती. त्याच दिवसांत बंबाचे काम काढले.

पहिला पर्याय सगळ्यांच्या तोंडी होता तो गॅस गिझर. स्वस्त, लहान, नळ सोडला की लगेच गरम पाणी. दादाने तो एका वाक्यात बाद केला, आणि त्याची कारणे प्रत्येकीने नीट वाचावीत अशी आहेत.

गॅस जळायला प्राणवायू लागतो. बंद, लहान जागेत तो कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. शेगडीच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास असतो, या विषारी वायूला तोही नसतो. आधी डोके जड होते, मळमळते, पायातले बळ जाते, आणि माणूस दार उघडायला उठूच शकत नाही. आपल्या उपनगरांतल्या न्हाणीघरांतून अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, त्यांचे मूळ बहुतेक वेळा हेच असते. होडीची केबिन तर न्हाणीघरापेक्षा फार मोठी नसते, आणि थंडीत, पावसात तिची सगळी दारे-झरोके बंद असतात. दुसरे असे की स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर निदान खिडकी-दारातून खाली वाहून जायला वाट असते. होडी म्हणजे एक वाडगाच. गळलेला गॅस तिच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो.

दुसरा पर्याय वीज. आपल्या घरातल्यासारखा कॉइलचा गिझर. इथे दादाने कागदावर हिशेब मांडून दाखवला. बावीस लिटर पाणी २८ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे तर साधारण ०.८ युनिट वीज लागते. घरी आपण याचा विचारही करत नाही, बटण दाबतो. होडीत १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी असते. तिच्यात पूर्ण भरली असता सव्वा युनिटच्या आसपास वीज मावते, आणि साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य टिकवायचे तर त्यातली निम्मीच वापरायची. म्हणजे एका आंघोळीच्या पाण्यापायी अख्खी बॅटरी रिकामी, आणि रात्री नांगरावरचा दिवा बंद. मनोरीच्या खाडीत होडीला जोडायला विजेचे कनेक्शनही नाही.

तिसरा पर्याय त्याने ठरवला, आणि तो ऐकल्यावर मला थेट माहेरचा बंब आठवला. सांगली-कोल्हापूरकडच्या तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तो असेल. तांब्याचा, उभा, मधल्या नळकांड्यात जळण आणि भोवती पाणी. दादाच्या टाकीतही तसेच, फक्त मधल्या नळकांड्यात विस्तवाऐवजी इंजिनाचे तापलेले पाणी फिरते.

शिडाच्या होडीलाही एक लहान डिझेल इंजिन असते. खाडीतून बाहेर पडायला, बंदरात शिरायला, वारा पडला तर. डिझेल जळून जी उष्णता होते तिच्यातला जेमतेम तिसरा हिस्सा पंखा फिरवायच्या कामी येतो. बाकीची धुराड्यातून आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून वाया जाते. हे थंड ठेवणारे पाणी इंजिनाभोवती फिरून ८० अंशांच्या आसपास तापते. तेच एका नळीने टाकीतल्या वेटोळ्यातून फिरवून परत इंजिनात सोडायचे. वेटोळ्याभोवतीचे आंघोळीचे पाणी आपोआप तापते. अर्धा-पाऊण तास इंजिन चालले की काम झाले, आणि टाकीला बाहेरून जाड आवरण असल्याने पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत कोमट राहते.

वहिनी हे ऐकत भाजी निवडत होत्या. त्यांनी एकच विचारले, "म्हणजे यासाठी वेगळा जाळ करायचा नाही?"

"नाही. इंजिन तसेही चालणारच आहे. जी उष्णता समुद्रात फेकत होतो, ती आता टाकीत घेतो."

वहिनींचा चेहरा त्या क्षणी बदलला. आपल्याकडे आरंभाचा विचार लहानपणापासून शिकवतात. पाणी तापवणे म्हणजे अग्निकायिक आणि अपकायिक दोन्ही जीवांना बाधा. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, पण कमी करता येते. एकदा झालेल्या आरंभातूनच दुसरे काम भागत असेल तर नवा आरंभ कशाला करायचा? वहिनींना बंब पटला तो इथे, संधिवातासाठी नव्हे.

काम कसे झाले

टाकी आणायची तर फेरीबोटीतूनच. दादाने आणि मनोरीतल्या एका इंजिन-मिस्त्रीने ती मार्व्याहून उचलून आणली. हा मिस्त्री मासेमारीच्या बोटींची इंजिने दुरुस्त करतो. बोलतो कमी, पण हात लावला की इंजिन ऐकते.

टाकी कुठे बसवायची यावर दोन दिवस गेले. टाकीतले वेटोळे इंजिनाच्या पाणी भरायच्या झाकणापेक्षा वर गेले तर नळीत हवा अडकते आणि गरम पाणी फिरतच नाही. म्हणून ती खाली, इंजिनाच्या शेजारी, पायऱ्यांच्या मागे बसवली. भरली की वजन वाढते आणि होडी हेलकावते, तेव्हा ती पट्ट्यांनी आवळून, खाली लाकडाचा पाट देऊन घट्ट केली. नळ्या साध्या बागेच्या चालत नाहीत, उष्णता सोसणाऱ्या लागतात, आणि प्रत्येक जोडाला दोन-दोन क्लिपा.

मग सुरक्षेचे तीन भाग. पाणी तापले की फुगते. बावीस लिटर पाणी ७० अंशांवर गेले की साधारण दोन वाट्या जास्त जागा मागते. बंद टाकीत ती जागा नसते, म्हणून दाब सोडणारी झडप. थंड पाण्याच्या तोंडाशी एकमार्गी झडप, म्हणजे गरम पाणी उलटे जाऊन पंप आणि थंड पाण्याची टाकी तापवणार नाही. आणि तिसरी मिश्रणाची झडप. इंजिनाच्या पाण्याने टाकी ७५-८० अंशांपर्यंत जाऊ शकते, आणि ते थेट नळाला आले तर हात भाजतो. ही झडप थंड पाणी मिसळूनच नळाला सोडते.

होडी जमिनीवर असताना इंजिन नीट चालवून बघता येत नाही, कारण इंजिनाला बाहेरून समुद्राचे पाणी खेचावे लागते. त्यामुळे सगळे जोडून झाले तरी परीक्षा राहिली. नारळी पौर्णिमा झाली, बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या, त्यांच्याबरोबर दादाचीही उतरली. पहिल्या दिवशी टाकी थंडच राहिली. मिस्त्रीने नळीला हात लावून बघितले, एक झाकण थोडे सैल केले, फुस्स करून हवा निघाली, आणि पाच मिनिटांत नळी तापायला लागली. वहिनींनी टाकीवर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभ्या राहिल्या.

पण हे पाणी पिण्याचे नाही

आता मुख्य मुद्दा. मिस्त्री खुशीने म्हणाला, "घ्या वैनी, आता पाण्याचा प्रश्न मिटला. प्यायलाबी हेच." वहिनींनी हसून मान हलवली.

इथे बऱ्याच जणींची गल्लत होते, म्हणून सविस्तर सांगते. गिझरचे गरम पाणी म्हणजे उकळलेले पाणी नव्हे. गिझर पाणी साधारण ६०-७० अंशांपर्यंत नेतो. उकळी फुटते १०० अंशांना. आपल्या दिगंबर परंपरेत पाण्याच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत, त्या याच फरकामुळे. नुसते गाळलेले पाणी ४८ मिनिटे. लवंग वगैरे घालून प्रासुक केलेले सहा तास. साधे गरम केलेले बारा तास. खळखळून उकळलेले चोवीस तास. आपल्या श्वेतांबर भगिनींकडे उकळलेल्या पाण्याची मर्यादा ऋतूप्रमाणे असते, पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. ज्यांची जी परंपरा असेल त्यांनी ती आपल्या गुरूंना विचारून पाळावी.

दुसरे कारण शुद्ध व्यवहारातले आहे. त्या वेटोळ्यात जे इंजिनाचे पाणी फिरते त्यात रसायन मिसळलेले असते. पुष्कळदा ते विषारी असते. कधी वेटोळ्याला बारीक छिद्र पडले तर ते टाकीत उतरू शकते. त्या टाकीचे पाणी आंघोळीला, भांडी विसळायला. पोटात कधीच नाही. नियम आणि इंजिनाचे शास्त्र दोघांनी एकच सांगितले.

मग पिण्याच्या पाण्याचे वेगळे बसले. होडीत झुलती शेगडी असते. होडी कलली तरी शेगडी सपाट राहते, आणि भांडे सरकू नये म्हणून दोन बाजूंनी कड्या. सिलिंडर केबिनमध्ये ठेवला नाही. तो मागे उघड्यावर, तळाला भोक असलेल्या पेटीत, म्हणजे गळला तरी गॅस समुद्रावर निघून जाईल. शेगडी पेटवताना वरचे झाकण उघडे. दोघांना दिवसाला सहा लिटर पिण्याचे पाणी धरले, तर ते उकळायला अंदाजे ऐंशी ते शंभर ग्रॅम गॅस लागतो. पाच किलोचा लहान सिलिंडर केवळ एवढ्यासाठी दीड-दोन महिने पुरेल. वहिनी सकाळी, नांगरावर असतानाच उकळतात. स्टीलच्या बाटल्यांवर वेळ लिहितात. मर्यादा संपायच्या आत ते पाणी पिऊन किंवा वापरून संपते. उरेल इतके उकळतच नाहीत.

आणि पाणी भरायचे कुठून? मनोरीत ओळखीच्या एका ईस्ट इंडियन घराची गोड्या पाण्याची विहीर आहे. वहिनींनी घरधनिणीला विचारले, "विहिरीतून पाणी काढून दुहेरी कापडाने गाळीन, आणि कापडावर राहील ते परत विहिरीतच सोडेन. चालेल?" त्या आजी म्हणाल्या, "पानी परत देतेस? मंग नेत जा बाय, रोज ने." फ्लॅटमध्ये नळाच्या पाण्याची जिवाणी आपण कुठे नेणार? मुंबईत राहून वहिनींना जिवाणी जिथल्या तिथे सोडायला मिळाली ती मनोरीत. कळशीच्या तळाला कडी बांधून ती अलगद पाण्यापर्यंत उतरवायची, वरून ओतायचे नाही, हे त्यांनी त्या आजींच्या नातीलाही शिकवले.

माप

होडीच्या टाकीत एकूण दीडशे लिटर गोडे पाणी मावते. सात दिवस, दोन माणसे. आपल्या इमारतीत एवढे पाणी एक माणूस एका दिवसात सहज संपवतो.

वहिनींनी आंघोळीचे माप ठरवले, आठ लिटर. एक दिवसाआड. मधल्या दिवशी अंग पुसून घ्यायचे. बंबातले पाणी ७५ अंशांचे असले तर आठ लिटर सुखोष्ण पाण्यासाठी त्यातले दोनच लिटर लागते, सहा लिटर थंड. दोन लिटर! एवढ्यासाठी आपण घरी पंचवीस लिटरचा गिझर तासभर चालू ठेवतो.

रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितले आहेत. त्यात प्रमादचर्या आहे. कारण नसताना जमीन उकरणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वनस्पती तोडणे. आचार्यांनी पाणी वापरूच नका असे म्हटले नाही. विनाकारण वापरू नका म्हटले. पण कारण आहे की नाही हे कळायला आधी मोजावे लागते, आणि नळाच्या घरात आपण मोजणेच विसरलो. होडीत मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. वहिनींना यत्नाचार नव्याने शिकावा लागला नाही. त्यांना तो येतच होता. नवे शिकायला लागले ते दादाला. जहाजांवर तो इंजिनाचे तेल थेंबाथेंबाने मोजायचा. पिण्याचे पाणी मोजणारी बायको घरी आहे, हे त्याने पहिल्यांदा नीट पाहिले असावे.

मनोरीतच समुद्राचे खारे पाणी गोडे करण्याचा महानगरपालिकेचा मोठा प्रकल्प योजला आहे, दिवसाला वीस कोटी लिटरचा. शहराला तो लागत असेल, मी त्यातली जाणकार नाही. पण खाऱ्या पाण्यातून गोडे काढायला भरपूर वीज लागते. तोही आरंभच. आपल्या नळाला येणारा प्रत्येक लिटर कुठेतरी कुणीतरी कष्टाने आणि उष्णतेने आणलेला असतो, एवढे जरी लक्षात राहिले तरी पुष्कळ.

आता घरचे

बंब बसवताना दादाने आम्हा सगळ्यांच्या घरचे गिझर तपासायला लावले. तुम्हीही एकदा बघून घ्या. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो बाहेर, मोकळ्या हवेत लावून घ्या, आणि नळीने फक्त पाणी आत आणा. आंघोळीच्या वेळी झरोका बंद करू नका, थंडी वाजली तरी. डोके जड वाटले तर कपड्यांची, लाजेची पर्वा न करता दार उघडून बाहेर या, आणि मुलांना हे शिकवा. विजेच्या गिझरच्या झडपेतून थोडे पाणी ठिबकते, ते फुगलेले पाणी बाहेर येत असते. ती झडप बंद करू नका, बोळा कोंबू नका. फार वाहत असेल तर कारागीर बोलवा. गिझर आंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटे लावा, दिवसभर नव्हे. आणि उकळलेल्या पाण्याचा नियम असेल तर गिझरचे पाणी त्यात धरू नका. ते पातेल्यात, खळखळा उकळूनच.

नोव्हेंबरअखेर दोघे पहिल्यांदा निघाले. गोवा नाही, फक्त मांडव्यापर्यंत आणि परत. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो, त्यावर खाडीतून बाहेर. दुपारी खारा वारा उठला की त्यावर पुढे. गोराईच्या पॅगोडाचा सोनेरी घुमट मागे पडला, वहिनींनी सांगितले. खाडीतून बाहेर पडेपर्यंत इंजिन चालले, तेवढ्यात बंब तापला. सूर्य बुडायच्या कितीतरी आधी नांगर पडला, जेवणे झाली, पाणी घेऊन झाले. रात्री होडी हलत होती म्हणून झोप कमी लागली. सकाळी दोन लिटर गरम, सहा लिटर थंड, स्नान, धुतलेले पातळ, आणि उगवत्या सूर्याकडे तोंड करून जाप.

मी विचारले, "वहिनी, जाप झाला का नीट? होडी हलत असताना?"

त्या म्हणाल्या, "झाला की. पण एक सांगू? चौतीस वर्षे त्यांच्या जहाजावर माझे काहीच नव्हते. या होडीत पाण्याच्या बाटलीवर वेळ लिहायचे काम ते स्वतः करतात."

गोव्याला जायचे पौषात ठरते आहे. वहिनींनी आंघोळीचे माप आठवरून सहा लिटरवर आणले आहे. घरीसुद्धा.

मैत्रिणींनो, उद्या सकाळी एकदाच आपली आंघोळीची बादली मापाच्या भांड्याने मोजून बघा, आणि किती भरली ते मला कळवा.

जय जिनेंद्र!